कापूस पडला, वावर गेले, घर उरले

मंदी आली की घरे स्वस्त होतात, हा शहरातला समज आहे. २००८ साली अमेरिकेत घरांचे भाव कोसळले, मोठमोठ्या बँका आडव्या झाल्या, आणि तेव्हापासून मंदी म्हटले की घरांच्या उतरत्या भावाचा आलेख डोळ्यांपुढे आणायची सवय लागली. यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासाला हा आलेख लावायला गेले तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही. १९३० च्या दशकात इथे घरांचे भाव किती पडले, असे विचारणेच चुकीचे ठरते. भाव पडायला आधी गिऱ्हाईक लागते आणि त्या दशकात गिऱ्हाईकच उठून गेले होते. माझे म्हणणे असे की, कापसावर जगणाऱ्या जिल्ह्यात मंदीचा घरादारावर झालेला परिणाम भावात शोधू नये. तो गहाणखतांत, न्यायालयाच्या हुकूमनाम्यांत आणि मालकाच्या बदललेल्या नावांत शोधावा. मंदीने इथे मालमत्ता स्वस्त केली नाही, तिचे मालक बदलले, आणि हा बदल बाजारात न होता कागदावर झाला.

हे समजायला या जिल्ह्यातले घर म्हणजे काय ते आधी पाहिले पाहिजे. कुडाच्या किंवा मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि ऐपत असेल तर जवळच्याच जंगलातले सागवानी खांब. गावठाणातल्या अशा घराला स्वतंत्र किंमत फारशी नसे. दुसऱ्याच्या आळीत, दुसऱ्या जातीच्या शेजारात, वावर नसताना नुसते घर कोण विकत घेणार? विकायची पाळी आलीच तर त्यातले लाकूड विकले जाई. किंमत होती ती वावराला. घर बांधले जाई ते वावरातल्या कापसाच्या उरलेल्या पैशातून, आणि लग्नकार्यासाठी, बैलासाठी, बियाण्यासाठी कर्ज मिळे ते वावराच्या तारणावर. म्हणून यवतमाळात घरबाजार असा शब्द वापरायचा झाला तर त्यात वावर, घर, कापूस आणि सावकाराची वही हे चारही एकत्र धरावे लागतात. वऱ्हाडात कापूस एकेकाळी बोज्याने मोजत. सातबाऱ्यावर कर्जाची नोंद चढते तिलाही आपण बोजाच म्हणतो. शब्दांचा हा योगायोग असेल, पण तो अगदीच निरर्थक नाही.

या साखळीचा पहिला झटका १८६५ सालचा. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि पुढच्या आठच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, मुंबईत कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले, आणि त्या पैशाने मुंबईत जे पिसाट सट्टे सुरू झाले त्यांतला सर्वांत मोठा सट्टा जमिनीचा होता. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले जात होते, आणि ते ज्या जमिनीचे होते ती जमीन अजून समुद्राखाली होती. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव गडगडले, १ जुलै १८६५ हा वायद्यांचा दिवस उजाडला आणि शेटसावकारांची घराणी एकामागून एक बसली. प्रेमचंद रायचंदांचे नाव यात सगळ्यांना ठाऊक असते. ज्या कापसाच्या भावावर हा डोलारा उभा राहिला त्यात वऱ्हाडच्या काळ्या मातीतला कापूसही होता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. वणीकडच्या खेड्यात या बुडीचा फटका त्या मानाने कमी बसला. कारण तेव्हा या भागात रेल्वे नव्हती, वस्ती विरळ होती, आणि मुख्य म्हणजे वावर अजून तारण झालेले नव्हते. ज्याच्यावर कर्ज मिळत नाही ते कर्जात जातही नाही.

वावर तारण झाले ते पुढच्या चाळीस वर्षांत. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि धामणगाव स्टेशन यवतमाळच्या कापसाचे दार बनले. मोजणी होऊन रयतेला आपल्या जमिनीचा विकण्याजोगा, गहाण टाकण्याजोगा हक्क मिळाला. १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांखाली या जिल्ह्यात कितीतरी गावे इजाऱ्याने दिली गेली आणि रानाचे वावर झाले. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला, असा कायदा देशात पहिलाच. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका वणी जिल्ह्याला जोडला गेला आणि नव्या जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले. गावोगाव जिन आणि प्रेस उभे राहिले, मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी आली. हक्क, रेल्वे, बाजार आणि कर्ज हे सारे एकत्र आल्यावर कास्तकाराची पत वाढली. ही पत खरी होती, तिला खोटी म्हणण्यात अर्थ नाही. तिच्यावर विहिरी खोदल्या गेल्या, वाडे उठले, मुले अमरावती-नागपूरला शिकायला गेली. फक्त ही सगळी पत एकाच पिकाच्या एकाच भावावर टांगलेली होती, आणि तो भाव लिव्हरपूल व मुंबईत ठरत असे.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी कापूस पुन्हा भडकला. याच तेजीत मुंबई सरकारने एक चमत्कारिक गोष्ट केली, आणि ती या विषयाच्या अगदी मध्यावरची आहे. मुंबईत येणाऱ्या कच्च्या कापसाच्या दर गाठीवर १९२० पासून एक रुपया कर बसवला गेला, आणि त्यातून गिरणी कामगारांसाठी चाळी बांधायचे ठरले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळी त्या अशा. बेत ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि १६ हजारांच्या वर खोल्या झाल्या, आणि भाडे परवडेना म्हणून त्यांतल्याही कितीतरी बरीच वर्षे रिकाम्या पडून राहिल्या. दिग्रस किंवा यवतमाळच्या प्रेसमधून मुंबईला गेलेली प्रत्येक गाठ वरळीच्या भिंतीत रुपया घालून आली होती. कामगारांच्या घरांना विरोध करायचे कारण नाही. तेजीतल्या गाठीतून घरे उभी राहिली ती कुठे, एवढेच इथे ध्यानात घ्यायचे.

मग १९२९ उजाडले. न्यूयॉर्कच्या बाजाराची कथा सर्वश्रुत आहे, ती इथे नको. हिंदुस्थानातल्या घाऊक भावांचा कलकत्ता निर्देशांक १९१४ च्या १०० वरून १९२९ मध्ये १४१ वर होता. १९३१ मध्ये तो ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. हा सगळ्या मालाचा मिळून आकडा, कापसासारख्या निर्यातीच्या मालाला मार याहून जास्त बसला. त्यात सरकारने रुपयाचा दर १८ पेन्सांवर हट्टाने धरून ठेवला. १६ पेन्स करा, अशी देशी व्यापाऱ्यांची मागणी होती. रुपया महाग म्हणजे परदेशात विकलेल्या कापसाचे रुपये कमी, एवढे साधे गणित त्यामागे होते. वावरातले पीक मात्र बुडालेले नव्हते, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८९९-१९०० चा दुष्काळ याहून भीषण होता, माणसे त्यात मेली. पण दुष्काळासाठी सरकारकडे दुष्काळ संहिता होती, खडी फोडायची कामे होती. १९३० साली बोंडे फुटली होती, वावरे पांढरी झाली होती, आणि तरीही घरात पैसा नव्हता. सरकारी संहितेत या संकटाला कलमच नव्हते. जिल्ह्याच्या स्मरणात १९३० चे साल आहे ते लोकनायक बापूजी अण्यांनी १० जुलैला पुसदला केलेल्या जंगल सत्याग्रहामुळे. त्याच पावसाळ्यात मातीत गेलेला कापूस दिवाळीनंतर किती रुपयांना जाणार होता, याची आठवण कुणी जपली नाही.

भाव पडले तरी कर्जाचा आकडा पडत नाही. दोन खंडी कापूस विकून फिटले असते ते कर्ज फेडायला आता तीन-चार खंडी लागू लागल्या. शेतसारा दीर्घ मुदतीसाठी रुपयांत बांधलेला, तोही कमी होईना. मग घरातल्या वस्तू एका ठरावीक क्रमाने बाहेर पडल्या. आधी सोने गेले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमानाला रामराम ठोकला आणि ज्या काळात सगळे उतरत होते त्या काळात सोने एकटे चढू लागले. तोळ्याला २१ रुपयांच्या आसपास असलेला दर पुढे तिशीच्या पलीकडे गेला. देशभरातून सोन्याचा जो लोंढा बोटीवर चढून लंडनला गेला, त्यात बायकांच्या अंगावरचे डाग होते. सोने सरल्यावर वावर. घर शेवटी, आणि पुष्कळदा ते गेलेच नाही.

ते का गेले नाही, याचे एक कारण प्रेमाचे आणि परंपरेचे असेल, पण दुसरे कारण रोखठोक कायद्याचे आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात, हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी काय काय जप्त करता येणार नाही त्याची यादी आहे. तीत अंगावरचे कपडे आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल आहेत, आणि शेतकऱ्याच्या मालकीचे, तो स्वतः राहत असलेले घर त्याच्या जागेसह आहे. त्याचे वावर मात्र यादीत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू दयेचा होता. त्यातून निघाले ते असे, की बैल राहिले, नांगर राहिला, घर राहिले आणि नांगरायची जमीन गेली. घर आपणहून गहाण टाकले असेल तर हे कवचही उपयोगाचे नव्हते. आणि जो शेतकरी नाही, म्हणजे गावातला दुकानदार, कोष्टी, छोटा आडत्या, त्याच्या घराला तर हे कवच मुळातच नव्हते. त्यामुळे मंदीत गेलेली घरे शोधायची असतील तर ती खेड्यापेक्षा कसब्यात शोधावी लागतात.

इथे सावकाराला खलनायक करून लेख संपवता येतो, आणि आपल्याकडे तशी चाल आहे. मला ते पुराव्याशी जुळत नाही. सावकाराला वावर नको होते, व्याज हवे होते. वावर ताब्यात घेतले तर ते कसायला माणूस लागतो, सारा भरावा लागतो, आणि त्यातला कापूसही त्याच पडलेल्या भावाने विकावा लागतो. त्याने स्वतः अमरावती-मुंबईच्या पेढ्यांकडून पैसा उचललेला असे. त्याने वावर घेतले कारण लिलावात दुसरा कुणी बोली लावायला उभाच राहिला नाही. याचा भक्कम पुरावा सहकारी बँकांत मिळतो. त्यांना सावकारी लोभ चिकटवता येत नाही. त्या कास्तकारांच्या नावानेच निघालेल्या होत्या, तरी वऱ्हाडातल्या मध्यवर्ती सहकारी बँकांच्या नावावर थकबाकीपोटी जमिनी चढल्या आणि बँका नकोशा जमीनदार होऊन बसल्या. लोभी आणि परोपकारी दोन्ही धनको जर एकाच ठिकाणी पोचत असतील, तर दोष माणसाच्या स्वभावात नसून गिऱ्हाईक नसलेल्या बाजारात होता, असेच म्हणावे लागते. सावकार सज्जन होता असा याचा अर्थ नाही. मुदतखरेदीची चाल याच काळात फोफावली. कागदावर विक्री, तोंडी वचन असे की ठरल्या मुदतीत पैसे परत केले तर वावर परत. १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दुरुस्ती होऊन असे ठरले, की परतीची अट त्याच विक्रीच्या कागदात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचेच असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथे स्वतंत्र हुकमाने लागू होत. पण दुरुस्तीचा रोख लक्षात घ्यावा. मंदीच्या तोंडावर तोंडी वचनाची किंमत कायद्याने शून्य केली होती.

सरकारला हे दिसत नव्हते असेही नाही. प्रांतिक बँकिंग चौकशी समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. मध्यप्रांत-वऱ्हाडातले शेतीचे कर्ज सुमारे ३६ कोटी आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानचे सुमारे ९०० कोटी रुपये धरले गेले. १९३३ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख मंत्री असताना कर्ज लवाद कायदा झाला, असा कायदा करणारा हा देशातला पहिला प्रांत. लवाद मंडळापुढे सावकार आणि कास्तकार समोरासमोर बसत. सक्ती नव्हती, तडजोड होती, आणि प्रांतभर मिळून मंडळांपुढे आलेल्या दाव्यांची रक्कम जवळजवळ निम्म्यावर आली. यावर आक्षेप असा घेतला जातो, आणि तो त्या काळीही घेतला गेला, की अशा कायद्यांनी सावकाराने हात आखडला आणि उद्याचे कर्ज आजच बंद झाले. आक्षेप खरा आहे. कर्ज आटले आणि १९३४ च्या सावकारी कायद्याने आणखी आटले. पण आटलेल्या कर्जाने नवे घर बांधले जात नाही, तसे जुने वावरही जात नाही. ज्या दशकात नवे घर कुणी बांधणारच नव्हते, त्या दशकात हा सौदा कास्तकाराच्या फायद्याचा होता, असे माझे मत आहे. कायद्याची खरी उणीव निराळी होती. तो आला १९३३ मध्ये, म्हणजे निर्देशांक तळाला टेकल्यावर. त्याआधी झालेल्या खरेदीखतांना तो हात लावू शकत नव्हता.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा. मंदीत एकाचे नुकसान ते दुसऱ्याच्या फायद्याचे असते. वीट, चुना, मजुरी सगळे स्वस्त झाले असेल तर गरिबाने घर बांधायला हाच काळ योग्य नव्हता का? योग्य होता, पण ज्याचे उत्पन्न रुपयांत बांधलेले होते त्याला. सरकारी कारकुनाच्या पगारात १९३१ च्या अखेरीस १० टक्के कपात झाली, पण भाव त्याआधीच तिसऱ्या हिश्श्याने उतरले होते. म्हणजे तो कपात सोसूनही पूर्वीपेक्षा सुखात होता. मजुराचे तसे नव्हते, वस्तूंबरोबर त्याची मजुरीही उतरली. म्हणून मंदीच्या दशकात घरे बांधली गेली ती पगारदारांच्या आणि रोकड बाळगणाऱ्यांच्या शहरात. मुंबईत दादर-माटुंग्याच्या वसाहती, शिवाजी पार्कभोवतीची घरे आणि मरीन ड्राइव्हवरच्या गोलाईदार इमारती या याच काळातल्या. ज्या बॅक बेवर १८६५ मध्ये पाण्याखालची जमीन विकली गेली, तिथेच सत्तर वर्षांनी खरी जमीन आणि खरे फ्लॅट उभे राहिले. शेतीतून सुटलेला पैसा परत शेतीत जायला तयार नव्हता. व्याजाचे दर उतरले होते, सोन्याचे रुपये झाले होते, आणि भाड्याचे उत्पन्न कापसाच्या उत्पन्नाहून बिनधोक वाटत होते. तेजीत यवतमाळच्या गाठीने वरळीला रुपया दिला आणि मंदीत यवतमाळच्या सोन्यानेही तीच वाट धरली, हे म्हणताना मी प्रत्येक तोळ्याचा माग काढला असे नाही. पण पैसा जिथून निघाला आणि जिथे घर होऊन बसला, ती दोन्ही टोके डोळ्यांसमोर आहेत.

राहिला तो सर्वांत सरळ आक्षेप, की हा सगळा इतिहास वावराचा आहे, घराचा नाही. वर म्हटल्याप्रमाणे इथे घर वावरातून निघते, आणि अलीकडचाच एक पडताळा याला दुजोरा देतो. २००८ ची जागतिक मंदी तर घरांतूनच जन्मली होती. यवतमाळला ती कशी पोचली? त्या वर्षी जगात कापूस पडला, पण सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला २,०३० रुपयांवरून एकदम ३,००० रुपये केला आणि सरकारी खरेदी मोठ्या प्रमाणावर झाली. निवडणूक तोंडावर होती, हे उघडच आहे. त्याआधीची काही वर्षे मात्र जगात तेजी असताना याच जिल्ह्यात कास्तकारांच्या आत्महत्यांचे सत्र चालू होते, इतके की १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांनी यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली. जगाची तेजी-मंदी आणि यवतमाळची तेजी-मंदी यांची पंचांगे वेगळी आहेत. इथल्या घराचे पंचांग कापसाच्या भावात असते.

कायद्याने मात्र मधल्या काळात कूस बदलली आहे. बँकांना न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणारा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही, तशी तरतूद त्याच्या ३१ व्या कलमातच आहे. गृहकर्जावर घेतलेल्या घराला तो लागू होतो. १९०८ मध्ये घराला कुंपण होते आणि वावर उघडे होते, आता वावराला कुंपण आहे आणि यवतमाळ-पुसदच्या नव्या ले-आउटमधले घर उघडे आहे. पुढच्या मंदीत जप्तीची नोटीस कुणाच्या दाराला लागेल, हे यातून कळते. आणि सावकाराच्या कागदाचे सांगायचे तर, २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने कर्जापोटी करून घेतलेले खरेदीखत तपासून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. खरेदीखताच्या पोटात कर्ज दडलेले असू शकते, हे कायद्याने मान्य करायला इतका काळ जावा लागला. १९३० च्या दशकातल्या खतांना त्याचा आता काही उपयोग नाही. तरीही ज्यांच्या घरी त्या काळातली खते ट्रंकेत पडून असतील, त्यांनी ती वाळवीच्या हाती जाण्याआधी एकदा उघडावीत. मोडीत असतील तर वाचणारा शोधावा. रकमेच्या आकड्याआधी त्यात मुदतीची ओळ आहे की नाही, ते पाहावे.